ताज्या बांगड्याचा प्रोग्रॅम

एम.ई.च्या दुसऱ्या वर्षी मी बांगड्यांच्या मागे लागले. फोटोवरून बांगडा ताजा की शिळा हे कॉम्प्युटरने ओळखायचं, असा माझा प्रोजेक्ट होता. रंग, चकाकी, डोळ्यांचा गढूळपणा अशी कितीतरी मापं मी प्रत्येक फोटोतून काढली होती. त्यांतली कामाची कुठली, हे जेनेटिक अल्गोरिदम ठरवणार होता. मापांचे वेगवेगळे संच करायचे, बरे निघतील त्यांची सरमिसळ करून नवे घडवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. अशा पिढ्यांमागून पिढ्या.

फोटो पनवेलच्या मासळी बाजारातले. आई वर्षानुवर्षं जिच्याकडून मासे घ्यायची ती उरणची मावशी आजचा कुठला आणि बर्फातला कुठला, ते मला खरंखरं सांगायची.

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम एकदा लावला की चार दिवस चालायचा. दोनदा मध्येच वीज गेली. मधल्या पिढ्या मी सेव्ह केल्या नव्हत्या, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा पूर्ण झाला, तेव्हा उत्तरं नाणं उडवून सांगितल्यासारखी. मी पिढ्या वाढवल्या, संच वाढवले. दोन महिने हेच. घरी कुणी "कुठवर आलं?" विचारलं तरी मी खेकसायचे.

शेवटी वैतागून फोटोंचे प्रिंट मावशीपुढे ठेवले आणि ओळखायला सांगितलं. तिने चार-पाच बघून परत केले.

"यातून आमाला पन नाय कलायचा," ती म्हणाली. "कल्ला उघडून आत लाल हाय का बघतात. तू तर वरूनच फोटू काढलास."

जे फोटोत नव्हतंच ते मी दोन महिने मशीनला शोधायला लावलं होतं. मला स्वतःचाच संताप आला.

आठवडाभर मावशी कल्ले उचलून धरायची आणि मी फोटो काढायचे. मग नुसता लालपणा मोजणारा साधा प्रोग्रॅमही जवळजवळ सगळे बांगडे ओळखू लागला. जेनेटिक अल्गोरिदमने त्यात काहीच भर पडेना. तो वगळू का, असं मी गाइड सरांना विचारलं.

"शीर्षक मंजूर झालंय," सर म्हणाले. "आता तो काढता येणार नाही."

म्हणून त्याच्यावर तीन प्रकरणं लिहिली. फक्त एका तक्त्यात, त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तेच पान उघडलं आणि दोन्हीकडे सारखाच आकडा म्हणजे टायपिंगची चूक का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. पुढचा प्रश्न येईल म्हणून थांबले. त्यांनी पान उलटलं.