हिरवा चहा आणि मानेवरची गाठ

मे १९६४. कुरडयांचे गहू भिजवून तिसरा दिवस झाला होता आणि अमरावतीच्या घरी मागच्या अंगणात जाऊबाई आणि मी चीक काढायला बसलो होतो. वाटलेला गहू पाण्यात कालवायचा, दोन्ही हातांनी पिळायचा, चोथा बाजूला टाकायचा. हे काम मी दरवर्षी झपाट्याने उरकते. त्या दिवशी मात्र मी एकाच हाताने पिळत होते.

डाव्या छातीत गाठ होती. ती पुढे शस्त्रक्रिया करून काढली आणि मी धडधाकट आहे, तेव्हा वाचणाऱ्याने काळजी करू नये. मला सांगायचं आहे ते लाजेबद्दल.

गाठ हाताला लागली संक्रांतीनंतर. मी कोणाला बोलले नाही. शेजारपाजारच्या बायकांना दवाखान्यात नेणारी मीच. "डॉक्टरपाशी कायची लाज?" म्हणून त्यांना दटावणारीही मीच. स्वतःची वेळ आली तेव्हा नवऱ्यालासुद्धा सांगवेना. अकोल्याला, जुन्या शहरात, माझं माहेर. तिथे गेले असताना आईकडे बसायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने काश्मिरातला हिरवा चहा पिऊन कोणाची तरी गाठ विरघळल्याचं सांगितलं. फौजेतल्या मामेभावाने आणलेला तसला पुडा आईकडे पडून होता. कडू म्हणून कोणी पीत नसे. मी तो उचलून आणला. दुपारी घर निजलं की कपभर उकळून घ्यायची. जाऊबाईंनी विचारलं तेव्हा पित्त झालंय म्हणाले.

पुडा संपत आला, गाठ तशीच. मग वाटलं, भासऱ्यांना विचारावं. ते माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. पण धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं तर दाराआड उभं राहून, जाऊबाईंच्या तोंडून. चीक निवळायला ठेवला आणि जाऊबाईंना म्हटलं, "अकोल्याच्या एका बाईसाठी एवढं विचारून द्या."

भासरे बैठकीत परीक्षेचे पेपर तपासत होते. जाऊबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मी दाराआड.

"धाकटी अकोल्याच्या एका बाईसाठी विचारून राहिली, हिरव्या चहानं क्यान्सरची गाठ जाते काय?"

भासऱ्यांना घरात असं कोणी काही विचारत नसे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिले म्हणा, प्रश्न चांगला हाय. पेशीत जनुकं असतात. कोणत्या जनुकानं काम करावं अन् कोणत्यानं गप्प बसावं, याचा तिथं बंदोबस्त असते. गाठ म्हंजे तो बंदोबस्त बिघडला, असं मले वाटते. पानातल्या तुरट द्रव्यानं त्याच्यात फरक पडत असंल काय? पडतही असंल. पण कोणी तपासून पाहिलं, असं माझ्या तरी वाचण्यात नाही."

"कॉलेज इथं नका भरवू," जाऊबाई म्हणाल्या. "प्यावा का नाही, तेवढं सांगा."

"प्यावा ना, चहाच हाय तो. त्याच्या भरवशावर बसू नये. त्या बाईले गाठ कुठं हाय?"

जाऊबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. उत्तर एका शब्दाचं होतं. भासऱ्यांच्या कानावर माझ्याकडून तो शब्द जाणार, एवढ्यानेच माझे कान तापले. मी मानेला हात लावला.

"मानेवर," जाऊबाईंनी सांगितलं.

"मंग एवढं भ्याचं काम नाही. मानेवरच्या गाठी कित्येकदा साध्या असतात. पंधरा दिवस वाट पाहाले हरकत नाही. छातीत असती तर म्हटलं असतं, आजच दवाखान्यात जा."

तो शब्द ते सहज बोलले, भाजीचं नाव घ्यावं तसा.

मला हायसं वाटलं. पंधरा दिवस तर मिळाले, असंच पहिल्यांदा मनात आलं. स्वयंपाकघरात येईपर्यंत उमगलं की ही सवलत मानेवरच्या गाठीची, आणि माझ्या मानेवर तर काहीच नव्हतं. इतकी ओशाळले की पाण्याचा तांब्या हातात धरून नुसती उभी राहिले.

जाऊबाई मागून आल्या. "अकोल्याची बाई एका हातानं चीक पिळते काय वं?"

मी तांब्या खाली ठेवला.

"माह्याशी खोटं बोल, मले सवय हाय. पण सल्ला मागाचा अन् जागा खोटी सांगाची, हे कोणतं शहाणपण?"

"त्यांच्यासमोर कसं सांगू?"

"त्यायनं तर सांगितलं. जीभ झडली काय त्यायची?"

रात्रीच्या भाकरी मी थापल्या, त्यांनी भाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी सरळ बैठकीत गेले. भासरे आरशासमोर दाढी करत होते. डोक्यावरचा पदर मी नीट केला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"गाठ मले हाय," मी म्हटलं. "मानेवर नाही. छातीत हाय."

त्यांनी टॉवेलने साबण पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून सदरा चढवला आणि रिक्षा आणायला गेले. मी नवऱ्याला उठवायला माडीवर गेले. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं.