ऐंशीच्या वरची थरथर

आमच्या गॅरेजातून गाडी नीट होऊन निघून जाते, किस्सा तेवढा मागे राह्यते. नुसती हवा भरायले आलेला माणूस बी एखादा ठेवूनच जाते. त्यायले जागा लागत नाई म्हणून बरं, नाईतं निम्मे किस्से हायवेवर उभे करा लागले असते!

गॅरेज जाम या गावी, नागपूर हायवेच्या अगदी कडेले. मालक माझे भाऊजी, दिवाकर त्यायचं नाव. ताईचं लग्न झालं, तिच्या मागोमाग मी बी आलो अन् इथंच पाने धरून बसलो. भाऊजीची ख्याती एकाच गोष्टीची. गाडी गावात लोण्यासारखी चालते, पण हायवेवर ऐंशीच्या वर गेली का अंगात आल्यासारखी थरथरते. असं काऊन होते, हे भाऊजीच ओळखतात. बोर्डावरच लिहिलं आहे, 'थरथर स्पेशालिस्ट'.

त्यायचा नियम साधा. मालकाले सोबत बसवायचं, गाडी हायवेले काढायची अन् विचारायचं, "हातात लागते का बुडाले?" स्टेअरिंग थरथरलं तं दोष पुढच्या चाकात, सीट थरथरली तं मागच्या. मोठमोठे लोक या प्रश्नाले लाजतात. भाऊजी उत्तर आल्याबिगर गाडी वळवत नाई.

* * *

हिंगणीचे एक काका आले. कास्तकार माणूस, गाडी नवीच, अन् थरथर अशी का काकू नागपूरले जायले तयार नाई. जवायानं सांगतलं, इंजिन गेलं. साडूनं सांगतलं, शनी मागे लागला. काकांनी शनिवारी मारुतीले तेल बी वाहून पाह्यलं.

भाऊजीनं पुढचं चाक काढलं. रिमच्या आतल्या अंगाले काळ्या मातीचा हा एवढा पोपडा, वाळून दगड झालेला! काका पावसात गाडी थेट वावरात नेत अन् मंग बाहेरूनच चकाचक धुत. चाक एका अंगानं जड झालं का ते जोरात फिरताना उडणारच. भाऊजीनं खुरप्यानं माती खरडली अन् काकायले चक्कर मारून आणलं. गाडी शंभरले बी शांत.

काकांनी ते ढेकूळ हातात घेतलं. "वावर हिंगणीले, अन् मी माती नागपूरले फिरवून राह्यलो," म्हणे. जाताना ढेकूळ डिक्कीत टाकून घरी घेऊन गेले. आपल्या वावराचं होतं ना!

* * *

पिपरी मेघेचं एक जोडपं. बायको म्हणे गाडी थरथरते, नवरा म्हणे काही नाई, हिले हायवेची भीती वाटते. रस्ताभर हेच भांडण करत आले होते. भाऊजीनं कोणाचीच बाजू घेतली नाई. बाईले तिच्या रोजच्या जागी, मागे, लेकराले घेऊन बसवलं, नवऱ्याले आपल्या बाजूले. मी बाईच्या शेजारी.

नव्वद झाले. नवरा म्हणे, पाहा, आहे का काही? भाऊजीनं आरशातून मागे पाह्यलं अन् नियमाचा प्रश्न विचारला. नवऱ्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. बाई मात्र ठणकावून बोलली, "बुडाले लागते, भाऊ. महिनाभर सांगून राह्यली."

मागचं टायर काढलं तं आतल्या बाजूनं अंड्याएवढा फुगा! लेकरू झोपत होतं त्याच अंगाले. तो हायवेवर फुटला असता तं? नवऱ्याच्या तोंडाचं पाणी पळालं. नवं टायर चढलं, तसा तो ड्रायव्हरचं दार उघडायले गेला. बायकोनं किल्ली मागितली अन् म्हणे, "आता तुमी बसा मागे."

* * *

वर्ध्याचा एक किराणावाला. पोराच्या लग्नासाठी त्यानं गाडीले झकास अलॉय व्हील बसवले. दुकानातून बॅलन्सिंग करून आणली, अन् आठ दिवसांत थरथर! पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा थरथर. आमच्याकडे आला तवा दुकानवाल्याच्या नावानं बोटं मोडून राह्यला होता.

आता चाकाचं एक अंग हलकं असलं तं त्या बाजूले छोटंसं वजन लावतात. साध्या रिमले क्लिपचं ठोकतात, अलॉयले चिकटपट्टीचं. भाऊजीनं पाह्यलं तं चारही चाकायवर नुसते डिंकाचे डाग, वजन एक नाई! विचारलं तं गडी फुशारकीनं सांगते का कंपनीचे लेबल असतात ते, शो जाते त्यायनं, मी नखानं एकेक उकरून काढले.

त्याचा म्हातारा काका मागच्या सीटवर पान लावत बसला होता. तो म्हणे, "घरच्या फ्रिजचं लेबल दहा वर्षं काढू देलं नाई यानं. अन् काढलं तं हे काढलं!"

* * *

एक रिटायर गुरुजी. आयुष्यातली पहिली गाडी. भाऊजीनं शंभरपर्यंत पळवली, काहीच नाई. मंग गुरुजीले चालवायले देली, तं सत्तरलेच गाडी धक्के खायले लागली. भाऊजीनं खाली वाकून पाह्यलं. भीतीनं गुरुजीचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर लटलट कापून राह्यला होता! भाऊजीनं गाडीले हातही लावला नाई. रोज सकाळी जामपासून चार मैल चालवा म्हणून सांगतलं. गुरुजी आता आमच्यापुढून हॉर्न वाजवत जातात.

* * *

आता पुढचा किस्सा सांगताना भाऊजी गॅरेजात नसले पाहिजे. आज ते नागपूरले गेले आहेत, म्हणजे सांगायले हरकत नाई.

भाऊजीची स्वतःची गाडी थरथरायले लागली!

ज्याच्या दारात नागपूरचे लोक थरथर घेऊन येतात, त्याची! टपरीवर गोष्ट पसरायले किती वेळ लागते? भाऊजी चहाले गेले का लोक त्यायलेच विचारत, हातात लागते का बुडाले? भाऊजीच्या हातात लागत होतं, म्हणजे पुढचं चाक. बॅलन्सिंग केलं, गाडी गप्प. दर आठवड्याले ते स्पेअर पार्ट आणायले नागपूरले जातात. त्या आठवड्याले बी निघाले, अन् ऐंशीच्या वर स्टेअरिंग पुन्हा नाचायले लागलं. पाह्यलं तं पुढच्या चाकाचं वजन गायब. नवीन ठोकलं. पुढच्या आठवड्यात तेही गायब. क्लिपा हलक्या म्हणून भाऊजीनं वजनाचा डबा बदलला, रिम बदलली, रस्त्याच्या खड्ड्यायले शिव्या देल्या. वजन काही टिकेना!

हसण्यावारी नेण्यासारखं राह्यलं नव्हतं ते. एक गिऱ्हाईक दारातून परत गेलं. ज्याची स्वतःची नीट होत नाई तो माझी काय करन, असं टपरीवर बोललं. भाऊजीच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यायनं ताईनं आणलेला जेवणाचा डबा उघडला नाई. संध्याकाळी मले म्हणाले, "बाळ्या, तो बोर्ड उतरवून ठेव." इतक्या वर्षांचं नाव होतं हो! दोन दिवस मी टाळाटाळ केली.

तिसऱ्या दिवशी ताईले डबा आणायले जमलं नाई, म्हणून दुपारी आमीच जेवायले घरी गेलो. भाऊजीनं एक नवं वजन खिशात टाकलं होतं, जेवण झालं का गाडीले लावायचं म्हणून. उन्हाळ्याचे दिवस. ताईनं गच्चीवर मुगाच्या वड्या घातल्या होत्या अन् तिथूनच हाक मारली का वाटलेल्या डाळीनं भरलेला पितळी गंज वर आणून द्या. भाऊजी पुढे, गंज घेऊन मी मागे.

वारा असा सुटलेला का शेजारच्या दोरीवरचे कपडे आडवे होऊन राह्यले होते. पण वड्यायवरचं ताईचं पातळ लुगडं जागचं हललं नव्हतं. त्याच्या काठाले, एकाशेजारी एक, आमची वजनं लावलेली. क्लिपवाली. सगळीच्या सगळी!

भाऊजी उकिडवे बसले. एका वजनाले बोट लावून पाह्यलं.

ताई घाबरली असन, असं तुमाले वाटन. छे! पदर खोचून तशीच उभी. म्हणे, "मीच काढते. पकडीनं निघते लवकर. रोज डबा घेऊन येते, तवा तुमी कसे काढता ते पाह्यते ना मी."

"पण काऊन?" भाऊजी म्हणाले.

"शंभराच्या खाली चालवत होते का तुमी? निघालो म्हणून नागपुरातून फोन करायचे, अन् मी ताट झाकून फाटकापाशी उभी. आता ऐंशीच्या वर नेता येत नाई तुमाले." ताईनं माझ्या हातातून गंज घेतला. "आता तुमचा फोन आला का मी जेवून घेते."

मी भाऊजीकडे पाह्यलं, भाऊजी लुगड्याकडे पाहून राह्यले होते. तेवढ्यात वाऱ्यानं लुगड्याचं एक टोक उचललं अन् ते फडफडायले लागलं. भाऊजीनं खिशात हात घातला, नवं वजन काढलं अन् त्या टोकाले दाबून बसवलं.

"या कोपऱ्याले एक कमी होतं," म्हणाले.