फाडुत्सला नेलेला नारळ

मी थापाड्या आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल फारसं चांगलं काही येणार नाही. आठवडाभर जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या एका ऑफिसात मी तपासणीचे अहवाल लिहितो आणि तिथे मिलिमीटरचीही थाप चालत नाही. ती सगळी कसर शनिवार-रविवारी मराठी मंडळींच्या जेवणांत भरून निघते. हातात ताट, भोवती दहा-बारा माणसं, आणि मध्ये मी.

माझी सगळ्यांत गाजलेली गोष्ट लिश्टनश्टाइनच्या राजाची.

खरं घडलं होतं ते एवढंच. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका ऑक्टोबरमध्ये, इटलीला जाताना आम्ही नवरा-बायको त्या चिमुकल्या देशाच्या राजधानीत, फाडुत्समध्ये, चाळीस मिनिटं थांबलो. बायकोच्या हिशेबाने त्यातली वीस मी पार्किंगच्या मशीनशी भांडण्यात घालवली. उरलेल्या वीस मिनिटांत मान वर करून डोंगरावरचा राजवाडा पाहिला. आत जाता येत नाही, राजाचं कुटुंब तिथे राहतं. मग पासपोर्टवर हौसेचा एक शिक्का मारून घेतला आणि निघालो.

पहिल्या दिवाळीला गोष्टीत मी राजवाड्याच्या दारापर्यंत पोचलो. दुसऱ्या दिवाळीला बागेत शिरलो. मग कुठेतरी वाचनात आलं की तिथला राष्ट्रीय दिवस पंधरा ऑगस्ट, आणि त्या दिवशी राजघराणं आपली बाग लोकांसाठी उघडतं, खायला-प्यायला देतं. झालं! ऑक्टोबरचा ऑगस्ट करायला मला घासभर वेळ लागला. राजाने स्वतः माझ्या हातात बिअरचा ग्लास दिला, मी भारतीय आहे कळल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पंधरा ऑगस्ट! तुमचाही आणि आमचाही!" या वाक्याला हमखास टाळी पडायची. बायको स्वयंपाकघरात निघून जायची.

एवढ्यावर राहिलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी ती गोष्ट सासऱ्यांनाही सांगितली.

सासरे सांगलीकडच्या एका गावात भूगोलाचे शिक्षक होते. फळ्यावर हातात खडू घेऊन, न बघता, युरोपचा नकाशा काढायचे. नकाशाची वही तपासताना खिडकीच्या काचेवर ठेवून गिरवलेला नकाशा त्यांना लगेच कळायचा, आणि त्याला शून्य मिळायचं. "चुकलेला नकाशा मुलाचा असतो," असं ते म्हणत, "गिरवलेला कुणाचाच नसतो." त्यांचं स्वतःचं गाव एके काळी संस्थानात होतं. त्यामुळे युरोपात एक संस्थान अजून शिल्लक आहे, तिथे संस्थानिक आहे आणि तो कारभारही करतो, याचं त्यांना फार अप्रूप. पाठ्यपुस्तकात नसतानाही ते दरवर्षी एक तास त्यावर शिकवायचे.

सासूबाई गेल्या त्या वर्षी ते फोनवर नुसतं हं, हं करायचे. एका रविवारी काय बोलावं हे मला सुचेना, म्हणून मी राजाची गोष्ट सांगितली, बिअर आणि पाठीवरच्या थापेसकट. पलीकडे ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली नाही.

त्या हसण्याची फेड यंदा करावी लागली. सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी बॅग उघडली आणि लेकीसाठी आणलेल्या साड्यांत गुंडाळलेली एक केशरी शाल काढली. मग मोज्यांच्या आतून एक नारळ. शेंडीसकट.

"कस्टमवाल्याने उलटसुलट करून पाहिला," ते अभिमानाने म्हणाले, "आणि हसून परत दिला."

"बाबा, नारळ इथेही मिळतात हो," बायको म्हणाली.

"शेंडी असते का त्यांना?"

नसते. इथल्या दुकानातले नारळ गुळगुळीत तासलेले असतात.

"मग? सत्काराला शेंडीचाच लागतो. जावईबापू, पंधरा ऑगस्टला आपण जायचं. त्यांनी तुमचा मान ठेवला, आपण त्यांचा सत्कार केला पाहिजे. शाल, श्रीफळ आणि एक फोटो."

फोटोमागचं कारण रात्री बायकोकडून कळलं. गावाकडे निवृत्त शिक्षकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सासऱ्यांनी माझी गोष्ट तिथे सांगितली होती. त्यावर इतिहासाच्या एका सरांनी लिहिलं, 'जावई गमतीदार दिसतात, पण राजा असा कुणालाही बिअर पाजतो का हो सर?' आणि सासऱ्यांनी उत्तर दिलं होतं: 'माझे जावई थापा मारत नाहीत. फोटो पाठवतो.'

"अजून महिना आहे," बायको म्हणाली. "सांगून टाक."

मी रोज सांगणार होतो. खरंच. रोज त्यांच्यासोबत चहा घेताना तोंड उघडायचो, आणि ते विचारायचे, "राजे इंग्रजी बोलले की जर्मन?" मी म्हणायचो, "दोन्ही." एकदा तर बागेत गुलाब कोणत्या रंगाचे होते तेही सांगितलं.

पंधरा ऑगस्टला बायकोला इथे सुट्टी नव्हती. आम्ही दोघंच सकाळी निघालो. सासऱ्यांनी कोट घातला होता, मांडीवर कापडी पिशवी. बोडन्से सरोवर मागे पडलं, स्वित्झर्लंडमधून ऱ्हाइनच्या काठाने गाडी निघाली आणि त्यांचा तास सुरू झाला.

"पश्चिमेला ही ऱ्हाइन, पलीकडे स्वित्झर्लंड. पूर्वेला डोंगर, त्यामागे ऑस्ट्रिया. समुद्र नाहीच, आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही समुद्र नाही. क्षेत्रफळ साधारण एकशे साठ चौरस किलोमीटर. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास."

"आपल्याकडे एका बाजाराला एवढी माणसं जमतात," मी म्हणालो.

"जमतात. पण त्यांना पार्लमेंट नसतं! इथे पंचवीस सभासदांचं आहे. कायदा ते करतात, पण संस्थानिकाने सही केली नाही तर कायदा नाही."

"म्हणजे हुकूमशाहीच की."

"अहो, पुढे ऐका. लोकांनी मतदान करून ठरवलं तर संस्थानिकच नको, असंही होऊ शकतं. एकूण गावं अकरा. आणि एखाद्या गावाला वाटलं की या देशात राहायचं नाही, तर त्या गावाने मतदान घ्यावं आणि बाहेर पडावं. घटनेतच तसं लिहिलंय. सैन्य नाही, नाणं स्विस." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "आपल्याकडची संस्थानं एका सहीत गेली. यांनी एकमेकांना जायची मोकळीक ठेवली आणि सगळे राहिले. विश्वास आहे, दुसरं काय."

विश्वास हा शब्द त्यांनी माझ्यासाठी उच्चारला नव्हता. तरी माझे कान गरम झाले.

पुलाच्या मध्यावर त्यांनी गाडी हळू करायला लावली. सीमा नदीच्या मध्यातून जाते. "आलो," ते हलक्या आवाजात म्हणाले. चाळीस वर्षं खडूने काढलेली रेघ ते ओलांडत होते.

राजवाड्याची चढण त्यांनी चार ठिकाणी थांबून पार केली. वर कुरणावर भाषणं झाली. एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते ताठ उभे राहून ऐकत होते. मग लोक बागेकडे निघाले, आम्हीही. कोणी ओळखपत्र विचारलं नाही. एका बाईंनी हसून आमच्या हातांत ग्लास दिले. गुलाब खरोखरच होते. माझ्या गोष्टीतल्यापेक्षा वेगळ्या रंगाचे.

"तुम्ही म्हणाला होतात पिवळे."

"दरवर्षी बदलतात, बाबा."

हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला मोठी गर्दी होती, आणि त्या गर्दीच्या मध्यभागी कोण असणार हे मला कळत होतं. सासऱ्यांनी पिशवीतून शाल काढून झटकली. नारळाची शेंडी नीट केली.

"जावईबापू, कुठे आहेत? तुम्ही पुढे व्हा, ओळख द्या. तुम्हाला बघून त्यांना आठवेलच."

आता सांगायचं, असं मी ठरवलं. 'बाबा, मला इथे कोणी ओळखत नाही.' एवढंच वाक्य होतं. त्याऐवजी माझा हात वर झाला. कुंपणाच्या झुडपापाशी एक उंच गृहस्थ एकटेच उभे होते. पांढरी दाढी, लाल कोट, सोनेरी बटणांच्या दोन रांगा, छातीवर पदकं. सासऱ्यांना देशांच्या सीमा पाठ होत्या, पण तिथल्या राजांचे फोटो त्यांनी कधी पाहिले नव्हते. मी त्या गृहस्थांकडे बोट केलं आणि म्हणालो, "ते बघा."

पुढचं सगळं फार पटकन झालं. सासरे सरळ गेले, वाकून नमस्कार केला, त्या गृहस्थांच्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात नारळ ठेवला. मग इंग्रजीत, सांगलीत पाठ करून आणलेलं वाक्य म्हणाले, की मी एका जुन्या संस्थानाचा नागरिक तुमच्या संस्थानाला वंदन करतो. गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघू लागले.

"अहो," ते मला जर्मनमध्ये म्हणाले, "फारच सुंदर आहे हे. पण मला का? मी तर बँडमध्ये वाजवतो."

सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, फार आनंद झाला."

मी फोटो काढला. फोटोत दोघंही हसतायत. दोघंही अतिशय रुबाबदार दिसतात, आणि तो रुबाब दोघांचाही खराच आहे.

तेवढ्यात कोणीतरी शिट्टी दिली. गृहस्थांनी नारळ अलगद गवतावर ठेवला, झुडपामागे वाकले आणि तिथून एक भलंमोठं पितळी वाद्य उचललं. ते अंगावर घेऊन बँडच्या दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. शाल काढायला त्यांना वेळ मिळाला नाही, की काढावीशी वाटली नाही, कोण जाणे. गाल फुगवून ते वाजवू लागले. केशरी शाल प्रत्येक फुंकीबरोबर हलत होती.

सासरे पाहत राहिले. पूर्ण एक धून होईपर्यंत पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "राजे वाद्यही वाजवतात?"

आयुष्यात मला इतकी सोपी संधी कोणी दिली नाही.

"वाजवतात," मी म्हणालो.

"बरं."

धून संपली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या. उतारावर या वेळी ते एकदाच थांबले, आणि तेही माझ्यासाठी, कारण मला दम लागला होता.

परतताना गाडीत भूगोल नव्हता. बोडन्सेच्या काठी एका उपाहारगृहात आम्ही कॉफी घेतली. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे सरकवला.

"चष्मा गाडीत राहिला. ग्रुपवर लिहायचंय. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

चष्मा त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता. मी फोन घेतला.

"लिहा. आज लिश्टनश्टाइन पाहिलं. देश स्वच्छ, माणसं प्रेमळ. एका वादकाचा सत्कार केला." त्यांनी एक घोट घेतला. "राजांची भेट झाली नाही. मला चढण झेपेना, पोचायला उशीर झाला. जावईबापूंनी पुष्कळ खटपट केली."

"बाबा, उशीर झाला नव्हता. मी त्या..."

"पूर्णविराम द्या."

दिला. गिरवलेल्या नकाशाला शून्य देणारा माणूस माझ्यासाठी खोटं सांगत होता, आणि ते मला स्वतःच्या हाताने, शुद्धलेखन सांभाळून लिहायला लावत होता.

"फोटो जोडू?"

"नको. तो त्या गृहस्थांना पाठवायचा. त्यांचा पत्ता शोधा आणि पत्रात सगळं खरं लिहा. जर्मनमध्ये लिहा, मला वाचता येत नाही." मग म्हणाले, "आता पाठवा."

मी पाठवलं. मिनिटभरात त्याच इतिहासाच्या सरांचं उत्तर आलं. ते मलाच वाचून दाखवावं लागलं: 'भेट हुकली तरी हरकत नाही सर. एवढी खटपट करणारा जावई मिळायला भाग्य लागतं.'

सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"यांना तो अंगठा कसा पाठवतात, जावईबापू?"

मी त्यांना दाखवलं.