गमत नाई

माझ्या थोरल्या बहिणीचा निरोप मी अर्धाच पोचवला, आणि ती गेली.

एवढं वाक्य लिहायला मला जवळपास सत्तर वर्षं लागली. आणि तीन थेरपिस्ट.

हो, थेरपी. ऐंशीला टेकल्यावर. हसायचं तर हसून घ्या, माझ्या मैत्रिणीही हसल्या.

आमचे हे गेले आणि माझं जेवण सुटलं. नात म्हणाली, आजी, कोणाशी तरी बोल. तिनंच फोनवरून अपॉइंटमेंट घेतली.

पहिला थेरपिस्ट पुण्याचा, व्हिडिओ कॉलवर. मुलगा गुणी, मराठी एकदम शुद्ध. काय होतंय विचारलं, तर मी सांगितलं, गमत नाई.

तुम्ही ज्याला करमत नाही म्हणता, त्याला आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गमत नाई म्हणतात.

त्याला ऐकू आलं, गंमत नाही.

त्यानं मला हास्यक्लब सुचवला.

दुसऱ्या मॅडम नागपूरच्या. त्यांचे सगळे प्रश्न नातीला. आजींना झोप लागते का, आजी मधेच रडतात का. मी शेजारीच बसले होते. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला असं कोपऱ्यात ठेवलं की डोकं फिरतं. जिना उतरताना नातीला म्हटलं, आता पुरे.

पण नात हट्टी, माझ्यावरच गेली आहे. तिसरी सापडली ती चंद्रपुरातच, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. मूळची आरमोरीकडची पोरगी. मी तेच दोन शब्द तिच्यापुढे टाकले, परीक्षा घेतल्यासारखे.

तिनं पेन खाली ठेवलं.

"किती दिसापासून गमत नाई, बाई?"

मी त्या खुर्चीत ढसाढसा रडले.

कारण हा प्रश्न मीच विचारायला हवा होता. दहा वर्षांची असताना. माझ्या बाईला.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई म्हणजे कौसल्या. एकोणीस वर्षांची होती, कुरखेड्याकडे दिलेली. तिचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं, म्हणून मायनं मला तिच्या सोबतीला धाडलं होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा कोणाचं मन दुखलं तर सोबत द्यायची, एवढंच औषध होतं.

सासरची माणसं वाईट नव्हती. बाई धान कांडायची, भात रांधायची, सगळं करायची. मधेच तिचा हात थांबायचा आणि म्हणायची, मले गमत नाई.

आमच्याकडे हे रोजचं बोलणं. पाहुणे परतले की गमत नाई, शाळेला सुट्टी लागली की गमत नाई. मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

मग पुण्याच्या त्या पोराला मी कोणत्या तोंडानं हसले?

दिवाळी झाली. गावच्या मंडईसाठी मला न्यायला काकांची बैलबंडी आली. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीची जत्रा. जिलेबी, पाळणे, दंडारीचा नाच, गावभर पाहुणे. मी वर्षभर तिचीच वाट बघायची.

बाईनं माझी वेणी घातली. फीत बांधता बांधता हळूच म्हणाली,

"मायले सांगजो, मले गमत नाई. धान कापनीची वाट नको पाहू म्हनाव. मले घेऊन जाय म्हनाव."

मी मान हलवली.

घरी आल्या आल्या मायनं विचारलं, बाई कशी आहे. मी म्हटलं, बरी हाय, फक्त गमत नाई म्हनते.

बस, एवढंच.

विसरले नव्हते मी. पुढचं सांगितलं असतं तर माय त्याच बंडीनं परत निघाली असती, मला घेऊन. आणि मंडई दुसऱ्या दिवशी होती.

मंडई झाल्यावर सांगीन, असं मी ठरवलं होतं, खरंच. मग मंडई झाली, आणि आधी का नाही सांगितलं म्हणून माय रागावेल याची भीती वाटली. ती भीती पाच दिवस टिकली.

सहाव्या दिवशी तिच्या सासरहून माणूस आला. बाई विहिरीत गेली होती.

सगळे म्हणाले, पाय घसरला. मीही म्हटलं. कालपर्यंत म्हणत होते.

मायनं तसं कधीच म्हटलं नाही. माय पुढे तीस वर्षं जगली. धान कापणीला आलं की तिचं एकच बोलणं असायचं.

"एक निरोप तरी धाडाचा होता माह्या पोरीनं."

मी तिथंच असायची. विळ्याला धार लावत, नाहीतर पोरांच्या वह्या तपासत. तोंड उघडलं नाही.

हे सगळं मी त्या थेरपिस्ट पोरीला सांगितलं. आमच्या यांनाही कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती म्हणेल तुम्ही लहान होतात. ती तसं म्हणाली नाही. तिनं विचारलं, "हा निरोप कोनासाठी होता, बाई?"

त्यानंतर तीन सेशन मी नुसत्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या. चौथ्याला सांगितलं, लिहीन म्हणून.

आज बाईचा दिवस आहे. तिचा एकही फोटो नाही, म्हणून पोस्टला फोटो नाही.

कमेंटमध्ये "तुम्ही लहान होतात" असं कोणीही लिहू नका. घरात कोणी गमत नाई म्हटलं तर किती दिवसांपासून, एवढं मात्र विचारा.

माय, बाईनं निरोप धाडला होता. धान कापनीची वाट नको पाहू म्हनाली होती. मले घेऊन जाय म्हनाली होती.

तिनं धाडला होता, माय. मी दिला नाई.

बाई, तुह्या धाकटीचा नमस्कार.