आडवी पडलेली निळी मोटरसायकल

वर्लीन हॅचरनं नेब्रास्कात एकतीस वर्षं शाळेची बस हाकली. तेवढ्या वर्षांत एकाही पोराला तिनं खिडकीबाहेर हात काढू दिला नाही. अशी बाई सहासष्टाव्या वर्षी मोटरसायकलवर एकटीच समुद्र बघायला निघाल्यावर लेकीनं कपाळाला हात लावला, तर त्यात नवल कसलं! शेवटी लेकीनं, डेनिसनं, अट घातली. गाडी पडली आणि एकटीला उचलता आली नाही, तर ती ट्रकवर घालून घरी यायचं आणि विकून टाकायची. वर्लीननं कबूल केलं. एकदा कबूल केलं की पाळायचं, ही तिची जुनी खोड.

पाचव्या दिवशी नेवाडातल्या ईलीत मनगटं सुजली, म्हणून कॅसिनोच्या हॉटेलातला मुक्काम तिनं एका दिवसानं वाढवला. तिथं जुगाराच्या यंत्रांतून वाट काढल्याशिवाय साधी न्याहारीही मिळत नाही. वर्लीन खेळली नाही. तिनं बेसिनमध्ये मोजे धुतले, अंडी आणि स्टेकवर आडवा हात मारला आणि बाहेर आली. दाराशी जुन्या चिंध्यांची बादली होती आणि पाटी, ‘गाड्या याने पुसा, आमच्या टॉवेलांवर दया करा.’ टॉवेलानं हेल्मेट पुसून झालं होतं, त्यामुळे ती जरा ओशाळलीच.

मग तिनं निळी गाडी चकचकीत पुसली, वाळायला ढकलत उन्हात नेली आणि जेवायला गेली. ऑगस्टच्या उन्हात तिथलं डांबर लोण्यासारखं मऊ होतं. म्हणून प्रत्येक स्वार स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवतो. वर्लीनकडेही तो होता, पण वर खोलीतल्या पिशवीत.

सूप अर्धं झालं होतं तेवढ्यात हॉटेलचा पहारेकरी ओर्टेगा आला.

“आजी, ती निळी गाडी तुमचीच ना? झोपलीय बघा.”

स्टँड डांबरात चांगलाच रुतला होता. युटाहचे दोन तरुण स्वार बाह्या सरसावून पुढं आले.

“सरा मावशी, आम्ही उचलतो.”

“हात लावून तर बघा!” वर्लीन अशी कडाडली की ते जागीच थांबले.

तिनं पाठ सीटला टेकवली, हँडल धरलं आणि पायांनी रेटलं. गाडी थोडी उठली, चाक पुढं सरकलं आणि धप्पकन परत खाली. दुसऱ्या खेपेला वर्लीन स्वतःच खाली बसली. गुडघा ठणकायला लागला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गुडघ्यासाठी नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं फोन लावला.

“डेनिस, गाडी पडली गं. दोनदा उचलून बघितलं. नाही उठत. ट्रक शोधते.”

लहानपणी सगळे उन्हाळे लेकीनं आईच्या मोटरसायकलवर मागच्या सीटवर काढले होते.

“चाक सरकतंय का?”

“हो.”

“मग पुढचा ब्रेक बांधलास का? तूच शिकवलंस ना मला!”

वर्लीननं तोंडात मारून घेतल्यासारखं केलं. फोन चालूच ठेवून तिनं बादलीतली चिंधी आणली, ब्रेकची मूठ हँडलला करकचून बांधली, पुन्हा पाठ लावली आणि रेटलं. चाक जागचं हललं नाही. पाऊल मागं, आणखी एक पाऊल, आणि गाडी उभी राहिली. ओर्टेगानं स्टँडखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

“उचलली?” फोनमधून आवाज आला.

“उचलली. पण तू सांगितलंस म्हणून. हे काही एकटीनं झालं नाही. कबुली ती कबुली.”

“आई, मी तिथं आहे का?”

“नाहीस.”

“मग झालं एकटीनं,” डेनिस म्हणाली. “समुद्र दिसला की फोन कर.”