जेट स्कीसाठी एक तळं पाहिजे

आमच्या फ्रिजच्या दारात चिली सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे आमच्या संडे ग्रूपचे किस्से साठलेत. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण फेकवतही नाहीत! त्यातले अर्धे माझ्यामुळे घडले असं आई म्हणते. साफ चूक. पाऊण तरी असतील.

ग्रूप म्हणजे इकडे परदेशात राहणाऱ्या दोन मराठी फॅमिल्या. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. बाबा रॅफल्स प्लेसला बँकेत, आई लग्नाआधी सांगलीला शाळेत भूगोल शिकवायची ती आता घरी, आणि मी नववीत. दुसऱ्यांदा! क्लेमेंटीच्या कॉन्डोत कारखानीस काका, काकू आणि दहा वर्षांची शलाका. काका आयटीत मॅनेजर. एका रिसॉर्टला त्यांनी पंधरा मिनिटं जेट स्की चालवली आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला.

जूनच्या सुट्टीत आम्ही सगळे अमेरिकेला जाणार होतो, लास वेगासला. काका म्हणाले, "तिकडे वाळवंटात तळी आहेत, नद्या आहेत. एक झकास पाणी निवडायचं आणि जेट स्की सोडायची! चॉइस तुमचा, साहेब."

साहेब म्हणजे बाबा. घोळ इथूनच सुरू झाला.

*

दर रविवारी काका प्रिंटआउट आणायचे आणि बाबा रिजेक्ट करायचे.

पहिलं तळं? "फार खोल."

दुसरं? "पाणी गार असणार."

तिसरं? "गर्दी फार."

चौथ्याला कारणच सुचेना, तर म्हणाले, "नाव बरं वाटत नाही."

काका वैतागले. "अहो साहेब, तळं बघतोय की मुलीला स्थळ?"

काकू आतून ओरडल्या, "पत्रिका मागवून घ्या तळ्याची!"

*

मग काकांनी नदी आणली. वाळवंटातून वळणं घेत जाणारी, एकदम फोटोजेनिक. बाबा नकाशा घरी घेऊन आले आणि त्यात काय खोट काढावी म्हणून तासभर बघत बसले.

आई मेथी निवडत होती. तिने तिथूनच एक नजर टाकली. "रेघ तुटक आहे. म्हणजे बारमाही नाही. पाऊस पडला तर पाणी, नाहीतर नुसती वाळू. नववीच्या पुस्तकात आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काहीजण नववी दोनदा वाचतात, तरी कळत नाही."

पुढच्या रविवारी बाबा एकदम रुबाबात. "कारखानीस, रेघ तुटक आहे ही! मला बघताक्षणी कळलं."

आईने पोह्यांची डिश जरा जोरात ठेवली. बस.

*

आता माझं कर्तृत्व. मी एक नवीन ईमेल अकाउंट काढलं आणि काकांना मेल टाकला. खाली सही, 'डेझर्ट वॉटर ऑफिस'! जेट स्की चालवणाऱ्याने घरी सुटकेसवर बसून रोज वीस मिनिटं बॅलन्सची प्रॅक्टिस करावी, वगैरे.

रविवारी क्लेमेंटीला गेलो तर काका हॉलमध्ये सुटकेसवर! हातात झाडूचा दांडा, तोंडाने घुर्रर्र! शलाका दारातच इकडच्या खास इंग्लिशमध्ये म्हणाली, "पप्पा क्रेझी ऑलरेडी लाह!"

मी हसून लोळायच्या बेतात होतो, तेवढ्यात काकांनी मेलबरोबरचा फॉर्म काढला. तोही माझाच. स्विमिंग लेव्हल काय? काकांनी स्वतःपुढे 'बिगिनर' लिहिलं आणि पेन बाबांना दिलं. सगळे बघतायत. बाबांनी ठासून लिहिलं, 'एक्स्पर्ट'. वर म्हणाले, "शाळेत असताना कृष्णा पार करायचो आम्ही!"

काकांनी उठून शेकहँड केला. "मग ठरलं! पहिली राइड तुमची. मधोमध जायचं, खोली बघून यायची, मग आम्ही उतरणार!"

बाबांचं हसू होतं तिथेच थिजलं. मला तेव्हा भारी मजा वाटली.

*

पुढच्या शनिवारी सकाळी मी मित्राबरोबर स्विमिंग पूलला गेलो. कडेला बारक्या पोरांचा क्लास चालू होता. ओळीत सात पोरं आणि शेवटी एक टक्कल. टक्कल ओळखीचं! दोन्ही दंडांना ऑरेंज फ्लोट.

टीचर ओरडत होती, "अंकल, फेस इन वॉटर! डोन्ट सो स्केअर्ड लाह!"

पाणी कमरेइतकं, आणि बाबा लटलट कापत होते. शेजारच्या चार वर्षांच्या पोरीने त्यांचा हात धरला होता.

मित्राने विचारलं, "ए, तुझा फादर ना तो?"

"छे!" मी म्हटलं. "आमचे बाबा एक्स्पर्ट आहेत."

शपथ सांगतो, एवढा मोठा चान्स मी पहिल्यांदाच सोडला! घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं. बाबा बुडणार, आणि फॉर्म माझा होता. वाटलं, आता कानाखाली बसतेय.

आई फक्त म्हणाली, "नकाशा कुठाय?"

*

दुसऱ्या दिवशी ग्रूपमध्ये आईने नकाशावर बोट ठेवलं. "हे घ्या तळं." चांगलं लांबरुंद, आणि नावापुढे लिहिलेलं, 'ड्राय लेक'.

"ड्राय?" काका म्हणाले.

"आपल्याकडे ड्राय डे असतो ना?" आई म्हणाली.

"अच्छा, गुजरातसारखं!" काकांचं तोंड पडलं. काकू मात्र खूश. "बरंच की, पोरं आहेत बरोबर!"

बाबांनी हळूच विचारलं, "खोली किती?"

"अगदीच कमी."

"फायनल!"

वेगासला जेट स्की भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याने तीनदा विचारलं, "ड्राय लेक? यू शुअर?"

काका छाती पुढे काढून म्हणाले, "येस! वुई आर फॅमिली पीपल!"

मागे ट्रेलरवर दोन जेट स्की, गाडीत आम्ही. बाबांनी लाइफ जॅकेट नाश्त्यापासूनच चढवलेलं. मी त्याची बकलं दोनदा तपासली.

गाडी थांबली. समोर नजर पोचेल तिथपर्यंत पांढरीफटक, भेगाळलेली जमीन. शलाका उतरली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"व्हेअर गॉट वॉटर?"

काका नकाशा उलटा करून बघायला लागले. अख्ख्या तळ्यात ओली वस्तू एकच, काकांनी सीटखाली लपवलेली बिअर!

बाबा उतरले. लाइफ जॅकेटसकट तरातरा चालत पार मधोमध गेले, वळले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "कारखानीस! खोली बघितली! या बिनधास्त!" इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काका आधी चिडले, मग तेही खो खो हसायला लागले.

काकू आईकडे वळल्या. "अहो वहिनी, हे काय निवडलंत?"

आईने डबा उघडला, शलाकाच्या हातावर चार शंकरपाळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "मला बाई नकाशातलं कुठे काय कळतं!"