बाईंनी मला मुराळी केले

हिरवेबाईंची आणि माझी पहिली खरी भेट मला शिक्षा होताना झाली. गौरवग्रंथात हे लिहायला संकोच वाटतो, पण खोटे लिहिलेले बाईंना खपणार नाही. कर्जतच्या आमच्या महाविद्यालयात त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. मी खोपोलीची, दुसऱ्या वर्षाला. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतून मंजुळा नवी आली होती. आम्ही तिघी मैत्रिणी तिला रोज स्टुलावर उभी करायचो, वाडीच्या बोलीत ओळख सांगायला लावायचो आणि खिदळायचो. आठवड्याने तिने पेटी बांधली. वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी होती.

बाईंनी तिची तक्रार लिहून वसतिगृहाच्या समितीपुढे ठेवली आणि तिला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांब, मग ठरव." आम्हा तिघींना तोवर वसतिगृहातून काढले. माझे वडील रदबदलीला गेले.

"पोरींची मस्करी हाय बाई, सोडून द्या."

"मंजुळा हसत होती का?" बाईंनी विचारले. वडील चपला घालून परत फिरले. मला मात्र बाईंचा भयंकर राग आला.

दिवाळीला घरी गेलेली मंजुळा सुट्टी संपली तरी परतेना. सासरी गेलेल्या लेकीला आणायला माहेरचा मुराळी जातो. बाईंनी ती रीत वसतिगृहात आणली. जुन्या मुलीने नवीच्या घरी जायचे, जेवायचे, तिला घेऊन यायचे. "जिच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली, तिला टाकून बोलायला जीभ रेटत नाही," असे त्या म्हणत. मंजुळाला विचारून, तिचा होकार आल्यावरच त्यांनी मला धाडले.

तिच्या आईने भाकरी वाढली. "तूच का गं ती?" मी हो म्हटले.

"मंग आता तूच सांभाळ तिला."

मंजुळा माझ्याबरोबर आली. त्यानंतर दर जूनमध्ये जुन्या मुली वाड्यावाड्यांत जाऊ लागल्या. परतल्यावर बाईंकडे चहा असे. तो पांचट असे; पण प्रत्येकीला, आधी चुकलेलीलाही, त्या शेजारी बसवून पाजत.

आज मंजुळाताई त्याच वसतिगृहाच्या रेक्टर आहेत. हा लेख त्यांनीच मागितला. मी कचरले, तर म्हणाल्या, "तुमीच लिवा, ताई. बाईंनी काय केलं, ते तुमच्यापरीस कोनाला ठावं?" खरेच आहे. बाईंनी माझी चूक झाकली नाही आणि मला टाकलेही नाही.

बाई, पंच्याहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे आणि आवाज असेच खणखणीत राहोत. यंदा माझी लेक शिकायला घर सोडते आहे. तिला कुणी छळले, तर जायला तुमच्यासारख्या बाईंचे दार हवे. आणि तिने कुणाला छळले, तर ते दार त्याहूनही जास्त हवे.